सिंहगड चढताना काही झालं नाही, तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरता येईना. असं का?

टेकडीवाला · मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, आधी हसून घ्या, मग उत्तरं द्या.

रविवारी जवळजवळ दोन वर्षांनी सिंहगडावर गेलो. आतकरवाडीची नेहमीची पायवाट. वय ४३, वजन ७०, पाठीवर पाच किलोची सॅक (त्यात बायकोने दिलेला डबा. तो तसाच परत आला, कारण वर पिठलं-भाकरी). चढायला सव्वा तास लागला. धाप लागली, घाम निथळला, दोनदा ताकवाल्या मावशींपाशी टेकलो, पण पाय ठणठणीत. उतरताना तर मजाच. श्वास शांत, गप्पा चालू, पन्नास मिनिटांत खाली. शेवटच्या टप्प्यात मांड्या थरथरत होत्या, तिकडे काही मी लक्ष दिलं नाही.

सोमवारी थोडं दुखलं. आज मात्र कहर. ऑफिसचा जिना चढता येतो, उतरता येत नाही! शेवटी कठडा धरून शिडी उतरतात तसा उलटा उतरलो. खाली वॉचमनने विचारलं, "साहेब, वर काही राहिलं का?"

ज्या कामाला दम लागला त्याने काही झालं नाही आणि जे फुकटात झालं त्याने वाट लावली. हे गणित कोणी समजावेल का?

---

शंकासुर · मंगळवार, रात्री ९:५८

लॅक्टिक अ‍ॅसिड. पाणी प्या, दोन दिवसांत जाईल. पुढचा धागा.

---

वाचनमात्र · मंगळवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवते. कळसूबाईनंतर माझंही हेच झालं होतं. बारी गावात उतरल्यावर एस्टीची पायरी चढले, पुढच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरने हात दिला.

---

सांधेजोड · मंगळवार, रात्री ११:२०

शंकासुर, एवढ्यात धागा बंद करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दर सोमवारी सकाळी माझ्याकडे अशी दोन-तीन मंडळी लंगडत येतात.

लॅक्टिक अ‍ॅसिड हा जुना गैरसमज. व्यायाम थांबला की तास-दीड तासात लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचंच रक्तातलं रूप) मूळ पातळीवर येतं. रविवारी दुपारी संपलेली गोष्ट मंगळवारी कशी दुखेल? शिवाय लॅक्टेट वाढतं ते दम लागतो तेव्हा, म्हणजे चढताना. टेकडीवाल्यांचं दुखणं उतरण्याचं आहे. तिथे तर ते गप्पा मारत होते.

आता खरं काय होतं ते. स्नायू तीन तऱ्हांनी काम करतो. आखडत जोर लावतो, जागच्या जागी जोर लावतो आणि लांबत जाताना जोर लावतो. भरलेली बादली उचलताना दंडाचा स्नायू आखडतो. तीच बादली हळूच खाली ठेवताना तो लांबत असतो, पण सैल सोडलेला नसतो. सोडला तर बादली आदळेल. या तिसऱ्या प्रकाराला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. नाव विचित्र आहे, कारण त्यात आकुंचन होतच नाही.

चढताना मागचा पाय शरीर वर ढकलतो. जादा काम करतात नितंबाचे आणि पोटरीचे स्नायू, सोबत मांडीही, आणि सगळे आखडत काम करतात. उतरताना पुढचा पाय खाली टेकतो, गुडघा वाकलेला असतो आणि शरीराच्या भाराने तो आणखी वाकायला बघतो. तो वाकू द्यायचा, पण कोसळू द्यायचा नाही. हे ब्रेकचं काम जवळजवळ सगळं मांडीच्या पुढच्या स्नायूवर, क्वाड्रिसेप्सवर पडतं. प्रत्येक पावलाला तो ताणला जात असतानाच जोर धरून ठेवतो.

आता गंमत. ताणलं जाताना स्नायूचा एकेक धागा जास्त जोर देऊ शकतो. म्हणून तेवढंच वजन पेलायला शरीर कमी धागे कामाला लावतं. कमी धागे म्हणजे कमी प्राणवायू, म्हणजे दम नाही. पण जे थोडे धागे कामाला लागले त्यांच्यावर प्रत्येकी ताण जास्त. त्यांत सूक्ष्म इजा होते, मग सूज, मग दुरुस्ती. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोचतं. १९०२ साली थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने हे उशिरा येणारं दुखणं थकव्यापेक्षा वेगळं आहे असं मांडलं होतं. सव्वाशे वर्षं होत आली, तरी जिममध्ये अजून "लॅक्टिक" चालूच आहे.

उद्या परवा कमी होईल. नुसतं पडून राहू नका, सपाटीवर हळूहळू चाला.

---

टेकडीवाला · बुधवार, सकाळी ८:१५

सांधेजोड, फारच सुंदर. बादलीचं उदाहरण एकदम पटलं. आज उलटाच उतरलो, आता वॉचमनला सवय झाली आहे.

---

यंत्रकुटी · बुधवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत आकडेमोड केली. मेकॅनिकलवाल्याला डोंगर दिसत नाही, फक्त उंची आणि वस्तुमान दिसतं, तेव्हा समजून घ्या.

सॅकसकट ७५ किलो. आतकरवाडी ते पुणे दरवाजा उंचीतला फरक सुमारे ६०० मीटर धरू. ७५ × ९.८ × ६०० = ४ लाख ४१ हजार ज्यूल, म्हणजे साधारण १०५ किलोकॅलरी. ही झाली फक्त शरीर वर नेण्याची किंमत. स्नायूची कार्यक्षमता फार तर २५ टक्के, म्हणजे अन्नातून खर्च होतात ४२० किलोकॅलरी. (वरची पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मटक्यातलं दही धरलं तर आपण गडावरून जाड होऊन उतरतो. हा वेगळा धागा होईल.)

आता उतरताना. तेच ४४१ किलोज्यूल शरीरात स्थितिज ऊर्जा म्हणून साठलेले आहेत. खाली आल्यावर ते शून्य. मग गेले कुठे? आपण घसरगुंडीवरून सुसाट आलो नाही, वेग वाढला नाही. गाडीत ती ऊर्जा ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. माणसात ब्रेकचं पॅड म्हणजे मांडी. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाण्याला साध्या तपमानापासून उकळी फुटते. म्हणजे टेकडीवाले, पन्नास मिनिटांत तुम्ही आठदहा जणांच्या चहाचं आधण मांड्यांत उकळवलं.

वाट २.७ किलोमीटर, पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं तर ५,४०० पावलं. प्रत्येक पावलाला शरीर ११ सेंटिमीटर खाली येतं आणि ८० ज्यूलच्या आसपास गिळावे लागतात. आठ किलोची गव्हाची पिशवी मीटरभरावरून कोणीतरी टाकतंय आणि तुम्ही ती न आदळू देता झेलताय. असं पाच हजार चारशे वेळा.

---

शंकासुर · बुधवार, दुपारी २:१०

पिशवीचं पटलं, लॅक्टिक अ‍ॅसिडचं मागे घेतो. पण मग उतरताना गुडघ्यावर शरीराच्या आठपट भार येतो असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खरं का? आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्या भीतीने गड सोडले आणि आता फक्त किल्ल्यांचे फोटो फॉरवर्ड करतो.

---

सांधेजोड · बुधवार, संध्याकाळी ७:४५

आठपट हा आकडा सहसा खोल उठाबशांच्या संदर्भातला, तोही गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्याबद्दलचा. तो उचलून कुठेही चिकटवतात.

प्रत्यक्ष मोजलेले आकडे आहेत. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गटाने कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली. बाहेरून अंदाज नाही, आतून मोजमाप. २०१० मध्ये त्यांनी पाच रुग्णांचे आकडे दिले. सपाटीवर चालताना गुडघ्यात सर्वाधिक भार सरासरीने शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६, उतरताना ३४६. माणसं थोडी होती आणि हा जिना आहे, डोंगर नव्हे, हे लक्षात असू द्या. पण दोन गोष्टी दिसतात.

एक, नुसतं सपाटीवर चाललं तरी गुडघ्यावर वजनाच्या अडीचपट भार येतो, कारण सांध्याला वजनाबरोबर स्नायूंची ओढही सोसावी लागते. दोन, चढण्या-उतरण्यातला फरक आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. उतरणं त्रासदायक ठरतं ते सगळं मिळून: भार थोडा जास्त, टेकताना लागणारा झटका, गुडघा वाकलेला असताना वाटीवर येणारा दाब आणि या सगळ्यावर थकलेली मांडी. ताजी मांडी झटका झेलते. थकलेली मांडी झेलत नाही, मग तो झटका सांध्याकडे जातो. म्हणून बहुतेक जणांचं गुडघ्याचं दुखणं उताराच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सुरू होतं.

टेकडीवाल्यांचं दुखणं मांडीच्या मांसात आहे, ते जाईल. वाटीच्या भोवती टोचणं, गुडघा सुजणं, मध्येच अडकणं ही वेगळी जात, तिथे धागा न काढता डॉक्टरांना दाखवा.

---

पर्वतीची_पायरी · बुधवार, रात्री ९:०२

मी ६८ वर्षांची आहे. गेली वीस वर्षं रोज सकाळी पर्वती चढते-उतरते. १०३ पायऱ्या, लांबरुंद दगडी. मला कधी मांड्या दुखल्याचं आठवत नाही. पण गेल्या वर्षी मुलाकडे बंगळुरूला तीन महिने राहून आले आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी पर्वती केली, तर दुसऱ्या दिवशी देवापुढे बसता येईना. वाटलं, झालं आता वय. आठवड्याने परत सगळं पहिल्यासारखं. सांधेजोड, हे काय असतं?

---

सांधेजोड · बुधवार, रात्री ९:३०

आजी, तुम्ही या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लिहिलंत.

एक्सेंट्रिक कामाने स्नायू एकदा दुखला की तो शहाणा होतो. तेच काम पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा केलं तर इजा आणि दुखणं खूपच कमी होतं. एकच खेप पुरते. पण सराव महिनोन्‌महिने तुटला की हे कवच विरत जातं. तुमचं बंगळुरूत विरलं, आठवड्याभरात परत आलं. वयाचा यात फारसा दोष नाही.

आणि टेकडीवाले, याचा अर्थ पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सिंहगड करा. दोन वर्षांनी नको.

---

लिफ्टमन · गुरुवार, सकाळी १०:२०

मी सातव्या मजल्यावर राहतो. व्यायाम म्हणून जिन्याने चढतो आणि गुडघे वाचावेत म्हणून लिफ्टने उतरतो. वरचं वाचून वाटतंय की मी उलटं करतोय?

---

सांधेजोड · गुरुवार, दुपारी १२:४०

हृदय-फुफ्फुसांसाठी छान करताय. पण ट्रेकला गेलात तर चढाईत सगळ्यांच्या पुढे आणि उतारावर सगळ्यांच्या मागे असाल. गुडघे आधीच दुखत असतील तर लिफ्टच बरी, नसतील तर आठवड्यातून काही वेळा तीन-चार मजले सावकाश उतरा. धाड धाड नाही. एकेका पायरीवर दोन सेकंद काढत.

तुमच्यासारखाच प्रयोग ऑस्ट्रियात झाला आहे, फोरार्लबर्ग भागात. दोन महिने लोक डोंगर चढत आणि केबल कारने खाली येत, पुढचे दोन महिने त्याच्या उलट. चढण्याने रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) कमी झाले, ते अपेक्षितच. पण नुसतं उतरण्याने साखर पेलण्याची क्षमता सुधारली. वाईट कोलेस्टेरॉल दोन्हींनी उतरलं. दम लागत नाही म्हणून व्यायाम होत नाही, असं नाही.

---

शंकासुर · गुरुवार, दुपारी १:०५

म्हणजे रायगडाला रोपवेने वर जायचं आणि पायऱ्यांनी उतरायचं? आजवर ज्यांना हसत होतो ते शास्त्रशुद्ध निघाले.

---

सांधेजोड · गुरुवार, दुपारी १:२०

पहिल्याच खेपेला, सराव नसताना केलंत तर त्यांच्याइतकेच लंगडाल.

---

बर्नचा_बंड्या · गुरुवार, रात्री १०:५० (भारतीय वेळ)

स्वित्झर्लंडमधून नमस्कार. इथल्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असते. "अमुक खिंड, २ तास १० मिनिटं." सुरुवातीला चिडचिड व्हायची. डोंगरात अंतराला काही अर्थ नसतो, हे इथे राहून कळलं.

या हिशोबाची गंमत सांगतो. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने साधा नियम दिला: दर तीन मैलांना एक तास, वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे ढोबळमानाने पाच किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास. सिंहगडाला लावून बघा: २.७ किलोमीटरची ३२ मिनिटं, चढाचा तास, एकूण दीड तास. उतरण्याबद्दल त्याने काही म्हटलंच नाही.

ती उणीव वॉल्डो टॉब्लर या अमेरिकन भूगोलज्ञाने १९९३ मध्ये भरून काढली, तीही आमच्या स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफने दिलेल्या माहितीवरून. टॉब्लरचं सूत्र सांगतं की माणूस सर्वात वेगात चालतो ते सपाटीवर नाही, ५ टक्के उतारावर: ताशी ६ किलोमीटर. सपाटीवर ताशी ५. उतार त्याहून वाढला की वेग पुन्हा पडतो, कारण आता ऊर्जा ब्रेकला लागते.

सिंहगडाचा सरासरी चढ ६०० भागिले २,७००, म्हणजे २२ टक्के. सूत्रात घातलं तर वर जाताना ताशी २.३ किलोमीटर, सुमारे ७० मिनिटं. खाली येताना ताशी ३.३, सुमारे ४९ मिनिटं. टेकडीवाल्यांनी सव्वा तास आणि पन्नास मिनिटं लिहिलंय! ताकाची पाच मिनिटं धरून अगदी बिनचूक.

---

टेकडीवाला · गुरुवार, रात्री ११:१०

अरे बापरे. मी म्हणजे सूत्राबरहुकूम माणूस. बायकोला दाखवतो.

---

यंत्रकुटी · शुक्रवार, दुपारी १:४०

बंड्या, जबरदस्त. याच्याच जोडीला ऊर्जेचे आकडे. इटलीच्या रोडोल्फो मार्गारिया यांनी १९३८ मध्ये चढ-उतारावरच्या चालण्याचा खर्च मोजायला सुरुवात केली, आणि अल्बर्टो मिनेट्टी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ट्रेडमिल ४५ टक्क्यांपर्यंत कलवून मोजला. एक किलो वजन एक मीटर वाटेवरून नेण्याचा कमीत कमी खर्च:

सपाटी: १.६४ ज्यूल
१० टक्के उतार: ०.८१ ज्यूल (जवळजवळ निम्मा!)
४५ टक्के उतार: ३.४६ ज्यूल
४५ टक्के चढ: १७.३३ ज्यूल

मधल्या दोन ओळी पुन्हा वाचा. सौम्य उतार सपाटीपेक्षा स्वस्त, पण तीव्र उतार सपाटीच्या दुपटीहून महाग. गुरुत्वाकर्षण काही उतारापर्यंतच आपल्या बाजूने असतं.

ज्यांचा टक्के आणि अंश यांत घोळ होतो त्यांच्यासाठी: १०० टक्के म्हणजे ४५ अंश, उभा कडा नव्हे. २२ टक्के म्हणजे जेमतेम साडेबारा अंश. सिंहगडाचा चढ अंशांत लिहिला तर कोणी दाद देणार नाही. आणि व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ ही मर्यादा असते, म्हणजे ५ अंशांच्याही आत. काही इमारतींसमोरचे रॅम्प बघितले की वाटतं, ते बांधणाऱ्याला व्हीलचेअरवर बसवून एकदा खाली सोडावं.

---

घाटवाटा_जुना · शुक्रवार, रात्री ९:२५

आकडे छान आहेत. चाळीस वर्षं सह्याद्रीत घासली आहेत, म्हणून थोडं वाटेवरचं सांगतो.

इथे कोणी घसाऱ्याबद्दल बोललंच नाही. मांडी दुखते ती घरी येऊन, घसाऱ्यावर माणूस तिथेच जातो. दिवाळीनंतर गवत वाळलं की कातळावर मुरूम सुटतो. बारीक खडे म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने उतरलेला माणूस उतारावर बढाई मारत नाही.

नवखा माणूस घाबरला की मागे रेलतो. त्याला वाटतं, मागे पडलो तर निदान बुडावर पडेन, दरीत नाही. पण मागे रेललं की पाऊल शरीराच्या पुढे लांब पडतं, टाच तिरकी टेकते आणि भार जमिनीत जाण्याऐवजी उताराच्या दिशेने ढकलतो. टाच सुटते. आम्ही पोरांना ओरडून सांगायचो: गुडघे सैल, पावलं आखूड, छाती पावलावर. धैर्य लागतं त्याला, कारण डोळ्यांसमोर दरी असते. पण अंग पायावर असलं की बूट धरतो.

आडव्या वाटेचं, ज्याला हल्ली सगळे ट्रॅव्हर्स म्हणतात, आणखी वेगळं. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. डोंगराकडचा पाय कायम वाकलेला, दरीकडचा कायम लांब, घोटे दोन्ही एकाच बाजूला कललेले. तासभर असं चाललं की दरीकडच्या पायाचा घोटा बोलायला लागतो. येताना त्याच वाटेने आलात तर पाय बदलतात, तेवढाच न्याय.

शिड्यांवर मात्र तोंड शिडीकडे. कळसूबाईला लोखंडी शिड्यांवरून लोक पाठ टेकून उतरताना बघितलेत, अंगावर काटा येतो.

---

यंत्रकुटी · शुक्रवार, रात्री १०:००

काका, तुमचं "छाती पावलावर" म्हणजे घर्षणाचा नियम आहे. पावलातून जाणारं बल जमिनीच्या लंबरेषेपासून जितकं तिरकं, तितकं घर्षण जास्त लागतं. लांब पाऊल म्हणजे तिरकं बल. एक प्रश्न: वळणावळणाची वाट बरी की थेट सोंडेवरून?

---

घाटवाटा_जुना · शुक्रवार, रात्री १०:३५

चढाला एक मर्यादा असते, तिच्यापलीकडे वळणं घ्यावीत. पूर्वीच्या घाटवाटा लमाणांच्या तांड्यांसाठी, माल लादलेल्या बैलांसाठी होत्या. बैलाला शॉर्टकट कळत नाही, त्याला दम कळतो. म्हणून त्या वाटा आजही चालायला सुखाच्या. त्यांना मधून कापून शॉर्टकट मारणारे आम्हीच शहरातले. पावसाळ्यात त्या चिरेतून पाणी धावतं, दोन वर्षांत वाटेची ओहळ होते.

---

यंत्रकुटी · शनिवार, सकाळी ७:५०

बैलांना शोधनिबंध कळला होता म्हणायचा. मिनेट्टींनीच १९९५ मध्ये दाखवलं की दर मीटर उंचीमागे कमीत कमी ऊर्जा लागते ती वाट साधारण २५ टक्के चढाची असताना, आणि डोंगरातल्या जुन्या पायवाटा त्याच्या आसपासच असतात. त्याहून सौम्य वाट असली तर लांबीत ऊर्जा जाते, तीव्र असली तर चढात. म्हणजे सिंहगडाची २२ टक्क्यांची वाट ही ज्यांनी पहिल्यांदा तुडवली त्यांनी आपल्या धापेने आखली.

---

माउलींचा_चाकर · शनिवार, सकाळी ११:१५

दर वर्षी वारीत चालतो, म्हणून एक. दिवे घाटाची एवढी चर्चा होते, टाळ-मृदुंगात माणूस वर कसा जातो कळत नाही. पण घाट चढल्यावर उतरायचं नसतं, सासवड वरच्याच पठारावर आहे. हा धागा वाचून लक्षात आलं की दिवे घाटाच्या दुसऱ्या दिवशी कोणी "मांड्या गेल्या" म्हणत नाही. तळपायाचे फोड आणि पोटऱ्या, एवढंच. माउलींनी वाट बरोबर निवडली!

---

वाचनमात्र · शनिवार, दुपारी ४:३०

काठीबद्दल कोणीतरी सांगा. त्या महागड्या ट्रेकिंग पोलनी खरंच फरक पडतो, की नुसती फॅशन?

---

सांधेजोड · शनिवार, रात्री ८:१०

पडतो. १९९९ मध्ये हेरमान श्वामेडर आणि सहकाऱ्यांनी २५ अंशांच्या रॅम्पवर माणसांना काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय उतरवलं. काठ्यांनी जमिनीचा प्रतिरेटा, गुडघ्यावरचा मरोड आणि सांध्यातला दाब १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाला. चढताना काठी आखूड, उतरताना थोडी लांब, आणि पाऊल टेकण्याआधी काठी खाली टेकलेली हवी. नुसती हातात धरून फोटो काढला तर शून्य टक्के.

बंड्यांच्या सूत्राइतकाच मला आवडणारा एक प्रयोग सांगते. १९५२ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅबट, ब्रेंडा बिग्लंड आणि रिची यांनी दोन व्यायामाच्या सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने ते अडवायचं. बल दोघांचं सारखं. पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला: वेगाप्रमाणे सुमारे अडीच ते पाच पटींचा फरक. लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रात्यक्षिक झालं तेव्हा लहानखुऱ्या ब्रेंडा बिग्लंड अडवायला बसल्या आणि पेडल मारणारा धिप्पाड पुरुष घामाघूम झाला. टेकडीवाले, रविवारी तुमच्या एकाच शरीरात ही दोन्ही माणसं होती. आधी एक, मग दुसरं.

---

शंकासुर · शनिवार, रात्री ८:४०

आणि दोघांचं बिल मंगळवारी एकत्र आलं.

---

घाटवाटा_जुना · शनिवार, रात्री ९:०५

बांबूची काठी पुरते. गुंजवण्यात, बारीत, कुठेही गावात मिळते. दहा टक्के कमी वाचवेल, पण परत येताना तुम्ही ती कुणाला तरी देऊन येता.

---

टेकडीवाला · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:३०

अहवाल देतो. मधल्या काळात ऑफिसच्या जिन्याने रोज चार मजले सावकाश उतरलो. वॉचमन म्हणाला, "आता सरळ उतरताय, बरं वाटतं." आज पुन्हा सिंहगड, तीच वाट. चढायला ७२ मिनिटं, बंड्यांचं सूत्र अजून पाठ सोडत नाही. उतरताना पावलं आखूड, गुडघे सैल, हातात आतकरवाडीत तीस रुपयांना घेतलेली काठी. मुद्दाम सावकाश आलो, तासभर लागला. मांड्या थरथरल्या नाहीत.

उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली मात्र शेवटच्या टप्प्यात किंचित टोचलं. तेवढंच. सांधेजोड, हे ते दुसऱ्या जातीचं का?

---

सांधेजोड · रविवार, रात्री ९:५०

एकदा टोचलं तर लगेच नाव देऊ नका. उद्या-परवा जिना उतरताना तिथेच टोचतंय का, आणि सूज दिसते का, ते बघून लिहा. दोन्ही नसेल तर पुढच्या रविवारी सॅक अर्धी करून जा.

---

टेकडीवाला · मंगळवार, रात्री ९:२०

सूज नाही, टोचत नाही. जिना सरळ उतरलो. डबा यापुढे घरी ठेवतोय, अर्धी सॅक तोच होता.